कोपर, कळशी आणि वलांडीचा वरचा बांबू

कोपराला मालीश करायची नाही, हे माझे पहिले वाक्य असे. समोरचा माणूस विचारी, "मग तुम्ही कशाला बसलाय?"

प्रश्न रास्त होता. २०१४ ते २०१९ या काळात मी डहाणू रोडला, सरावलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खोलीत फिजिओथेरपीचे काम केले. आठवड्यातले दोन दिवस तलासरीला, हायवेलगतच्या एका गाळ्यात. पाटीवर 'फिजिओथेरपी' असे ठळक लिहिले होते. तो शब्द पूर्ण उच्चारण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. 'मालीशवाली मॅडम' हे नाव पहिल्याच पावसाळ्यात पडले आणि शेवटपर्यंत टिकले. तलासरीच्या गाळ्यात एका ट्रकचालकाने उंबरठ्याबाहेर उभे राहूनच विचारले होते, "बेन, तेल घरेथी लावुं के तमारुं चालशे?" तेल घरून आणू की तुमचेच चालेल. तेल लागणारच नाही म्हटल्यावर तो निघून गेला. त्याची मान बरी झाली का, हे कळले नाही.

मोडलेले हाड जोडायचे काम सर्जनचे. ते ज्या सांध्यात आहे तो सांधा पुन्हा चालता करायचे काम माझे. सांध्यांत सर्वात अवघड कोण, असे विचारले तर मी कोपर सांगेन. या भागात कोपरे पुष्कळ मोडतात. माणसे ताडावरून पडतात, चिकूच्या झाडावरून पडतात, हायवेवर मोटरसायकलवरून पडतात, बोटीवरून उतरताना पडतात. पडणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट करतो. हात पुढे टाकतो.

कोपर बाहेरून बिजागरीसारखे दिसते. आत तीन हाडे भेटतात. दंडाच्या हाडाचे खालचे टोक कप्पीसारखे असते. करंगळीच्या बाजूचे हाड त्या कप्पीला जबड्यासारखे पकडते. जबड्याचा मागचा भाग म्हणजे आपण टेबलावर टेकतो ते कोपराचे टोक. पुढचा भाग म्हणजे चोचीएवढा एक ओठ. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे डोके बटणासारखे गोल असते आणि ते बाहेरून टेकू देते. दोन्ही अंगांना लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टे. बोटीची डोलकाठी जशी दोन्हीकडच्या दोरांनी उभी राहते, तसा सांधा या पट्ट्यांनी जागेवर राहतो.

तळवा जमिनीला टेकलेला असताना अंगाचे सगळे वजन वरून आले आणि त्यात अंग वळले, तर पुढचा ओठ तुटतो, बटण फुटते आणि बाहेरचा पट्टा हाडावरून सुटतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या की सांध्याला जागेवर धरणारे फारसे काही उरत नाही. सर्जन ओठ बसवतो, बटण जोडतो किंवा धातूचे घालतो, पट्टा पुन्हा हाडाला शिवतो. पेच त्यानंतर सुरू होतो. हात बांधून ठेवला तर कोपर आखडते, आणि आखडलेले कोपर सहसा पूर्ण सुटत नाही. हलवला तर शिवलेले उसवण्याची भीती. बांधायचेही नाही आणि ओढायचेही नाही. या दोन 'नाही'मधली जी अरुंद वाट आहे, तिच्यावरून माणसाला चालवत नेणे, एवढेच माझे काम होते.

वाट चुकली तर काय होते याचे उदाहरण मला सुरुवातीलाच दिसले. रामजी तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यातला, ताडी काढणारा. ताडावरून घसरला, कोपर निखळले. ते दवाखान्यात नीट बसवून दिले गेले. इथवर सगळे ठीक होते. मग घरच्यांनी त्याला सायवनच्या बाजूला एका मालीश करणाऱ्याकडे नेले. त्याने रोज तेल लावून, जोर करून, कोपर सरळ-वाकडे केले. दुखावलेला स्नायू असा रगडला की शरीर गोंधळते आणि त्या स्नायूत हाड तयार करते. रामजी माझ्याकडे पोचला तेव्हा त्याचे कोपर काटकोनात दगड झाले होते.

"मोडला नाय, मॅडम," तो हाताकडे बघत म्हणाला. "घडी बसली."

काटकोन हा त्यातल्या त्यात सोयीचा कोन आहे. घास तोंडापर्यंत जातो, कोयता धरता येतो. ताडाला मिठी मात्र मारता येत नाही, कारण मिठीला हात उघडावा लागतो. रामजीचे चढणे संपले. पुढे तो झाडाखाली उभा राहून वर चढलेल्या पुतण्याला सूचना देत असे, आणि त्या सूचना, पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे, ताडापेक्षा त्रासदायक होत्या. रामजी लवकर आला असता तर हात वाचला असता, असे मला आजही वाटते. ही खंत नोंदवून पुढे जाते, कारण सांगायचे आहे ते हिराबाईच्या कोपराबद्दल.

हिराबाई डहाणूच्या खाडीकाठच्या मच्छीमार पाड्यातली. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, उंच आणि काटक. तिच्याइतकी उंच बाई त्या पाड्यात दुसरी नव्हती. मुलगा नितीन दुसऱ्याच्या बोटीवर जाई. सून भावना उंबरगावची, मराठीत सुरू झालेले वाक्य गुजरातीत संपवणारी, आणि तेव्हा गरोदर. नारळी पौर्णिमा होऊन बोटी नुकत्याच समुद्रात गेल्या होत्या. धक्क्याच्या उतारावर शेवाळ होते. हिराबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चढत होती आणि पाय सटकला.

मासळीवाली पडताना पाटी सोडत नाही. ही सवय आहे, ठरवून केलेली गोष्ट नव्हे. हिराबाईचा डावा हात पाटीलाच राहिला. सगळे वजन एकट्या उजव्या हातावर आले. ओठ, बटण, पट्टा, तिन्ही गेले.

"मासळी सांडली नाय," तिने मला पहिल्या भेटीत सांगितले. हे तिने वापीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाही सांगितले होते, आणि तिथल्या नर्सला, आणि वाटेत भेटलेल्या सगळ्यांना.

ऑपरेशन उत्तम झाले होते. एक्स-रेमध्ये सांधा जागेवर होता. भावना तिला घेऊन माझ्या खोलीत आली तेव्हा हात झोळीत होता आणि हिराबाईची नजर माझ्या कपाटावर.

"तेल कुठाय?"

"तेल नाही. मालीश करायची नाही."

"मग काय करायचं?"

"झोपायचं. पाठीवर."

हिराबाई सुनेकडे वळली. "झोपाया आणलीस मला डहाणू रोडला? घरी खाट नव्हती?"

पाठीवर झोपवण्यामागे साधा हिशेब आहे. उभ्या माणसाचा हात खाली लटकतो. लटकलेल्या हाताचे वजन कोपराला खाली ओढते आणि सांधा उघडू पाहतो. तोच माणूस पाठीवर झोपून हात सरळ छताकडे उभा करेल, तर कोपरापुढच्या हाताचे तेच वजन सांध्यावर दाब देते. कप्पी जबड्यात बसते. या अवस्थेत हात कपाळाकडे वाकवला आणि पुन्हा वर नेला, तर सांधा हलतोही आणि जागेवरही राहतो. तळवा पायांकडे वळवून ठेवला की बाहेरच्या शिवलेल्या पट्ट्यावरचा ताण आणखी कमी होतो. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे हात अंगापासून आडवा लांब धरणे. तेव्हा पुढच्या हाताचे वजन नेमके बाहेरच्या पट्ट्यावर लोंबते.

हे सगळे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती भावनाला म्हणाली, "हिला विचार, मालीश कधी चालू करणार."

मग मी दुसऱ्या बाजूने गेले.

"बोंबील वलांडीवर कसे अडकवता?"

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूंची मांडणी. उभ्या खांबांना एकावर एक आडवे बांबू बांधलेले. डहाणूच्या किनाऱ्यावर ती न पाहिलेला माणूस नाही, त्यामुळे हिराबाईला माझा प्रश्न बालिश वाटला.

"तोंडात तोंड घालून. दोघांची जोडी. एक इकडं, एक तिकडं."

"गाठ मारता?"

"गाठ कशाला? जबड्यात जबडा बसतो."

"आणि एकाचा जबडा तुटका असला तर?"

"पडतो. कावळा नेतो."

"तुमच्या कोपरातला जबडा तुटलाय. डॉक्टरांनी जोडलाय, पण अजून कच्चा आहे. हात लटकवला तर निसटेल. वर धरला तर बसेल."

हिराबाईने झोळीतल्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. "असं सांग ना मग," ती म्हणाली आणि खाटेवर आडवी झाली.

पुढचे काही आठवडे काम सुरळीत चालले. हात रोज थोडा अधिक वाकू लागला, थोडा अधिक उघडू लागला. भावना घरी व्यायाम करून घेई. पण हिराबाईचे लक्ष हाताच्या कोनावर नव्हते. तिचे लक्ष दिवाळीवर होते. त्याचे कारण मला नितीनने सांगितले.

त्या पाड्यात रिवाज असा होता. पाऊस संपला, दसरा झाला की प्रत्येक घर आपल्या ठरल्या जागेवर वलांडी उभी करते. जे घर दिवाळीपर्यंत आपल्या वलांडीवर माल चढवत नाही, त्याच्या रिकाम्या बांबूंवर शेजारच्याचा माल चढतो. त्यासाठी कुणी भांडत नाही, कुणी परवानगीही मागत नाही. रिकामा बांबू वाया घालवायचा नाही, एवढेच तत्त्व. मात्र एकदा ज्याचा माल चढला, त्याचा पुढच्या वर्षीही तिथेच चढतो. हिराबाईची जागा पाड्यातली चांगली जागा होती, वाऱ्याच्या तोंडावर. तिच्या वलांडीच्या वरच्या बांबूवरचे बोंबील सगळ्यांच्या आधी वाळत. शेजारची वलांडी तिच्या धाकट्या जावेची, शेवंतीची. नितीन समुद्रावर, भावना गरोदर. हिराबाईचा हात दिवाळीपर्यंत वर गेला नाही, तर ती जागा हळूहळू शेवंतीच्या घराची झाली असती.

"आई तोंडाने बोलत नाय," नितीन म्हणाला, "पण झोपेत पण वलांडीच बांधते."

मी त्याला काही वचन दिले नाही. कोपराच्या बाबतीत वचन देऊ नये, हे मी रामजीकडून शिकले होते.

गणपती झाले आणि एके सकाळी हिराबाई तोंड बारीक करून आली. कोपर सुजले होते. हात उघडताना आतून 'कट्ट' असा आवाज येत होता, आणि तो मला हाताखाली जाणवतही होता. एक्स-रे काढला. कप्पी आणि जबडा यांच्यामध्ये, जिथे केसाएवढे अंतर हवे, तिथे स्पष्ट फट दिसत होती. सांधा पूर्ण निखळला नव्हता. निखळायच्या बेतात होता.

"काय केलंत?" मी विचारले.

"व्यायाम."

"आणि?"

हिराबाई भिंतीकडे बघू लागली. भावनाने उत्तर दिले. "कळशी लावली."

"काय लावली?"

"कळशी. पाण्याची. हाताला लटकवून बसायचं, हात सरळ होतो. शेवंतीकाकीने सांगितलं. तिचा हात तसाच सरळ झालेला."

"पूर्ण नाय," हिराबाई घाईने म्हणाली. "अर्धीच भरलेली."

हा उपाय मला नवा नव्हता. कोपर सरळ होत नसेल तर हाताला वजन लटकवायचे, हे त्या भागात घरोघर ठाऊक आहे. कुठे कळशी, कुठे वाळूची पिशवी, कुठे बादली. शेवंतीचे उदाहरण खोटेही नव्हते. तिचे मनगटावरचे हाड मोडले होते, प्लास्टरमध्ये कोपर आखडले होते, आणि कळशीने म्हणा की कळशी असूनही म्हणा, ते सरळ झाले होते. तिचे पट्टे शाबूत होते. हिराबाईचे नव्हते. शेवंतीचा सांधा कळशीने ताणला गेला. हिराबाईचा उघडला.

शेवंतीच्या हेतूबद्दल पाड्यात बरीच चर्चा झाली. त्याबाबत माझ्याकडे माहिती नाही.

मी वापीच्या सर्जनना फोन केला. ते मोजके बोलणारे गृहस्थ होते. एक्स-रे पाहून म्हणाले, "दोन आठवडे बघू. फट मिटली तर ठीक. नाही मिटली तर परत उघडावं लागेल, बाहेरून सळ्या लावाव्या लागतील."

सळ्या म्हणजे दिवाळी गेली. बहुधा पुढचे वर्षही गेले असते, आणि त्यानंतर सांधा किती हलला असता, याचा अंदाज कुणीच देऊ शकले नसते. हिराबाईला हे स्पष्ट सांगणे भाग होते. तिने एकच प्रश्न विचारला.

"वलांडी?"

"दोन आठवडे मी सांगते ते आणि तेवढंच. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

"डॉक्टर लोकांचं हे बरं असतं," ती भावनाला म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आली.

शिवलेला पट्टा कच्चा असतो तेव्हा सांध्याला धरणारे आणखी एक साधन शिल्लक असते. स्नायू. दंडाचे पुढचे आणि मागचे स्नायू कोपरावरून पुढे जातात. ते आवळले की हाडे एकमेकांवर दाबली जातात. पट्टा बरा होईपर्यंत स्नायू हा त्याचा बदली कामगार. त्याला कामावर ठेवायचे असेल तर रोज हजेरी घ्यावी लागते. हिराबाईला मी टेबलावर मूठ ठेवून, हात न हलवता, आधी खाली दाबायला आणि मग वर उचलायला लावले, माझ्या हाताच्या विरोधात. बाकीचा व्यायाम पाठीवर झोपून, पूर्वीसारखाच. बसताना हात मांडीवर, खाली गोधडीची घडी. हात कधीही लटकता सोडायचा नाही. हंडा कमरेवर घ्यायचा नाही. जमिनीवरून उठताना त्या हाताचा टेकू घ्यायचा नाही.

हे सगळे तिने पाळले. एक गोष्ट मात्र तिला जमेना. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तेव्हा ते दिसले. अंगणात खारवायला मासळी पसरली होती आणि कावळे उतरत होते. कावळा दिसला की हिराबाईचा उजवा हात आपोआप आडवा फेकला जाई. दिवसभर जपलेला पट्टा एका कावळ्यापायी ताणला जाई. तिला सांगून उपयोग नव्हता. हात तिच्या आधी जात होता.

"मासळी आत घ्या," मी म्हटले.

"आत वास मारेल."

"मग तुम्ही आत बसा."

"आणि मासळी कोण बघेल?"

तोडगा भावनाने काढला. तिने सासूचा दंड साडीच्या काठाच्या पट्टीने छातीशी बांधला आणि डाव्या हातात लांब काठी दिली. दोन दिवस काठीचे फटके कावळे सोडून सगळ्यांना बसले. नितीनला एक बसला. मलाही एक ओझरता बसला. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताला नेम आला. उजवा हात पट्टीत शांत राहिला.

याच काळात एकदा शेवंती दारात आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, पदर खोचलेली बाई. तिने आत पाऊल टाकले नाही.

"बाय, मी वाईट सांगितलं नव्हतं," ती हिराबाईला म्हणाली. "माझा हात झाला म्हणून सांगितलं."

"तुझा हात माझ्यासारखा नव्हता मोडला."

"मला काय माहीत आत काय मोडलं ते?"

"मला तरी कुठं माहीत होतं?" हिराबाई म्हणाली. "ही मालीशवाली सांगते तेव्हा कळतं. बस, चहा घे."

शेवंती बसली. वलांडीचा विषय कुणी काढला नाही. पण चहा पिताना शेवंतीची नजर दाराबाहेर, जिथे दसऱ्यानंतर बांबू रोवायचे त्या जागेकडे एकदा गेली, आणि ती हिराबाईने पाहिली, हे मी पाहिले.

दोन आठवडे संपले. एक्स-रेची फिल्म मी खिडकीतल्या उजेडाला धरली. फट नव्हती. मी पुन्हा पाहिले, आधीची फिल्म शेजारी धरून. नव्हती. कप्पीभोवती जबडा सगळीकडून सारख्या अंतरावर बसला होता. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण कमी येतात. सर्जनना फोटो पाठवला. त्यांचा एकाच शब्दाचा निरोप आला. "बसला."

"मी सांगितलं होतं," हिराबाई म्हणाली. "अर्धीच कळशी होती."

भावना हसायला लागली ती खुर्चीवर बसेपर्यंत थांबली नाही.

पुढे हात चांगला सुधारला. शेवटचा थोडा कोन राहिला तो राहिलाच. कोपर अगदी सरळ होत नव्हते. त्याची मला चिंता नव्हती. घास घेणे, वेणी घालणे, पाटी डोक्यावर धरणे, यातल्या कुठल्याच कामाला पूर्ण सरळ कोपर लागत नाही. लागते ते न निसटणारे कोपर. सरळ पण सैल हातापेक्षा किंचित वाकडा पण घट्ट हात कधीही बरा. हे रोग्याला पटवणे अवघड जाते, कारण वाकडेपणा डोळ्यांना दिसतो आणि घट्टपणा दिसत नाही.

दसऱ्यानंतर नितीन आणि त्याच्या सोबत्यांनी वलांडी उभी केली. हिराबाई जवळ उभी राहून बांधणी तपासत होती. मी गेले तेव्हा तिने विचारले, "आता?"

या प्रश्नावर मी आधीच विचार करून ठेवला होता आणि सर्जनशी बोलूनही घेतले होते. माणूस वरच्या बांबूखाली सरळ उभा राहून, दोन्ही हात वर करून, तळवे पुढे ठेवून बोंबील अडकवतो, तेव्हा त्याचा हात नेमका कसा असतो? दंड वर, पुढचा हात त्याच्यावर उभा, वजन सांध्याकडे. म्हणजे मी तिला खाटेवर झोपवून जो व्यायाम देत होते, तोच उभ्याने. बोंबलाच्या जोडीचे वजन तर किरकोळ. खालच्या बांबूंची गोष्ट वेगळी. तिथे वाकावे लागते, हात खाली लोंबतो, आडवा लांब जातो. नेमके जे टाळायचे तेच.

"वरचा बांबू चालेल," मी म्हटले. "फक्त वरचा. बांबूच्या बरोबर खाली उभं राहून. बाजूला हात लांबवायचा नाही, पुढे सरकायचं. खालच्या बांबूंना या वर्षी हात लावायचा नाही."

"वरचाच?"

"वरचाच."

हिराबाई उंच होती हे मी सांगितले आहे. पाड्यातल्या बाकीच्या बायकांना वरच्या बांबूसाठी क्रेटवर चढावे लागे. तिला टाचाही उचलाव्या लागत नसत.

दिवाळीच्या आधी बोटी भरून आल्या त्या सकाळी मी मुद्दाम गेले. त्या दिवशी तलासरीचा गाळा उशिरा उघडला. भावना पाटीशेजारी बसून जोड्या लावून देत होती, हिराबाई अडकवत होती. पहिल्या काही जोड्या मी तिच्या कोपराला हात लावून मोजल्यासारख्या पाहिल्या. आतून आवाज नव्हता. सांधा शांत होता. मग मी हात काढून घेतला आणि बाजूला झाले. ती एक पाऊल सरकायची, हात वर न्यायची, जोडी टाकायची, पुन्हा एक पाऊल. वरचा बांबू एका टोकाकडून पांढरा होत गेला. आसपासच्या वलांड्यांवर काम करणाऱ्या बायका अधूनमधून इकडे पाहत होत्या. वरचा बांबू पूर्ण भरला तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणाले, "हिराकाकीचा हात गेला ना वर." त्यावर हिराबाईने मागे वळूनही पाहिले नाही.

खालचे बांबू रिकामे होते. भावनाला वाकवत नव्हते, हिराबाईला मनाई होती. शेवंती आपली भरलेली पाटी घेऊन आली. तिची स्वतःची वलांडी भरून माल उरला होता. ती हिराबाईच्या खालच्या बांबूंसमोर उभी राहिली. रिवाजाप्रमाणे तिला विचारायची गरज नव्हती. पण ती उभी राहिली.

हिराबाईने कपाळाचा घाम डाव्या हाताने पुसला. "काय बघतेस? चढव ना."

"चढवू?"

"रिकामे ठेवून काय करू? मला वाकायची बंदी आहे."

"मग पुढच्या वर्षी?" शेवंतीने विचारले. सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न तिने उघड केला.

"पुढच्या वर्षी पण खालचे तुझे. वरचा माझा," हिराबाई म्हणाली. "डॉक्टरी हुकूम आहे. मॅडमला विचार."

शेवंतीने माझ्याकडे पाहिले. मी मनाई फक्त त्या वर्षापुरती केली होती. पण हात आडवा लांबवायचा नाही आणि वजन लोंबू द्यायचे नाही, हा सल्ला अशा कोपराला कुठल्याही वर्षी देता येतो.

"बरोबर आहे," मी म्हटले.

शेवंतीने वरच्या बांबूकडे मान उंचावून पाहिले, मग स्वतःच्या उंचीकडे. "तसाही तो मला पुरतो कुठं," ती म्हणाली आणि पाटी खाली ठेवून वाकली.

दुपारपर्यंत ती वलांडी खालपासून वरपर्यंत भरली. मी डहाणू सोडले त्या वर्षीही ती तशीच भरलेली होती. खाली शेवंतीचा माल, वर हिराबाईचा.